मीटर नवा, भिंतीतली वायर आजोबांच्या काळातली; जुन्या घराचे वायरिंग बदलताना नेमके काय होते?

गडमुडशिंगी (ता. करवीर) : स्मार्ट मीटर बसवून घ्यायचा की नाही, यावर सध्या गावोगावी वाद सुरू आहे. दूध संस्थेच्या दारात, पारावर विषय निघाला की बिल वाढते की नाही इथेच गाडी अडते. मीटरच्या पुढे, म्हणजे घराच्या आत काय आहे, हे कोण बोलत नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची आणि त्याच्या पुढची सगळी घरमालकाची. शॉक लागण्याचे आणि वायर जळण्याचे प्रकार मात्र बऱ्याचदा या पुढच्या भागातच होतात.

गडमुडशिंगीचेच घ्या. एका अंगाला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, जवळच उजळाईवाडीचा विमानतळ, शेजारी गांधीनगरची बाजारपेठ. कोल्हापूरच्या हद्दवाढीची चर्चा निघाली की या गावाचे नाव येतेच. अशा गावांत कडेला आरसीसीचे बंगले उठतात, पण गावठाणात दगड-मातीच्या जाड भिंतींची कौलारू घरे अजून उभी आहेत. सोपा, माजघर, माळा, मागे परडे आणि गोठा. या घरांत पहिल्यांदा लाईट आली तेव्हा भार होता चार बल्ब, एक पंखा आणि रेडिओ. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली वायर, काळे बॅकेलाइटचे स्विच, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. तेवढ्या भाराला ते पुरत होते. आज त्याच वायरीवर फ्रिज, मिक्सर, गिझर, इंडक्शन शेगडी आणि गोठ्यातली कडबाकुट्टी चालते. दोन हजार वॅटचा गिझर एकटा जवळपास ९ अँपिअर ओढतो. वायरीतून दुप्पट करंट गेला की उष्णता चौपट होते. फ्यूज सारखा उडतो म्हणून आपण त्यात जाड तार घालतो. मग फ्यूज उडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते.

जुने लाकूड पेटले की काय होते, ते कोल्हापूरने ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पाहिले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शॉर्टसर्किटचा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता. त्या आगीचे कारण काही असो, तुळया, फळ्या आणि माळ्यावर जळण-शेणी ठेवलेल्या घरात ठिणगी पडली तर आग चढायला वेळ लागत नाही, हे कोणाला वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. वायरमनला बोलावले की तो पॉइंट मोजतो. दर पॉइंटप्रमाणे, माल वेगळा की धरून, हे आधीच बोलून घ्यावे. पण जुन्या घरात खर्च पॉइंटने वाढत नाही, भिंतीने वाढतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीत पाइप दडवायला झिरी काढली की ढेकळेच निघतात. दोन इंचाची झिरी म्हणता म्हणता वीतभर खड्डा पडतो. मग गवंडी, मग गिलावा, मग रंग. शिवाय ओली माती वायरीला चांगली नाही. म्हणून अशा भिंतीवर बाहेरून पीव्हीसी पाइप किंवा केसिंग पट्टी मारलेली परवडते. दिसायला थोडे कमी, पण पुढे दुरुस्तीला सोपे. भिंत फोडून फिटिंग लपवायचा हट्ट मातीच्या घरात धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माळ्यावर उंदीर वायर कुरतडतात, कौले फुटली की पाणी थेट जॉइंटवर पडते. तिथली वायर पाइपातूनच न्यावी आणि जॉइंट बंद डबीत ठेवावेत. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली तर तिला तांब्याची नवी वायर पिळून जोडू नका. तो जॉइंट कालांतराने सैल होतो, तापतो आणि काळा पडतो. अर्धे जुने, अर्धे नवे वायरिंग ठेवण्यातला मोठा धोका हाच.

वायरीचा हिशोब साधा आहे. दिवे-पंख्याला दीड एमएम, जास्त भाराच्या सॉकेटला अडीच एमएम, एसी आणि मोठ्या गिझरला चार एमएम तांब्याची. प्रत्येक मोठ्या यंत्राला बोर्डापासून स्वतंत्र वायर. कॉइल ९० मीटरची असते. आयएसआय शिक्का, कंपनीचे नाव आणि जाडी वायरीवरच छापलेली बघून घ्यावी. स्वस्तात मिळणाऱ्या काही वायरींत आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. टोक खरवडले की पांढरे दिसते.

वायर बदलली, एमसीबी बसवला, म्हणजे काम झाले असे बहुतेकांना वाटते. खरी गोम अर्थिंगमध्ये आहे. जुन्या घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक अनेकदा मोकळेच असते, मागे वायरच नसते. काही वायरमन तिथे न्यूट्रलचा तुकडा जोडून देतात. हे तर अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट. डीपीकडून येणारी न्यूट्रल कुठे तुटली की फ्रिजच्या दारात, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरतो.

अर्थिंगचा खड्डा घेतला तरी मुरमाड किंवा कोरड्या जमिनीत त्याचा रोध जास्त राहतो. समजा तो ५० ओहम भरला. २३० व्होल्टला गळती होईल साडेचार अँपिअरच्या आसपास. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर हलणार नाही. इकडे माणसाच्या जिवाला मिलिअँपिअरमध्ये मोजायचा करंटही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जाणारा आणि परत येणारा करंट तो सतत ताडून बघतो, फरक पडला की क्षणात लाईट तोडतो. गोठ्यासाठी तर तो हवाच, कारण जनावर माणसापेक्षा कमी व्होल्टेजला दगावते. पत्र्याच्या शेडला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तारही याच हिशोबात धरावी. शेडवरून गेलेल्या वायरीचे कव्हर घासले गेले की पत्रा, तार आणि ओला टॉवेल सगळे एकच होते. तिथे नायलॉनची दोरी बांधा.

आणि इथेच आपल्याकडची एक अस्सल अडचण येते, ती म्हणजे वाटणी. दोन भावांत घर वाटले गेले, सोप्यात मधोमध भिंत उठली, मीटरही वेगळे झाले. पण माळ्यावरून गेलेली न्यूट्रल एकच राहिली. थोरल्याच्या स्वयंपाकघरातला दिवा धाकट्याच्या न्यूट्रलवर चालतो आणि इतकी वर्षे कोणाला पत्ता नसतो. थोरल्याने आरसीसीबी बसवला की तो दिवा लावताच सगळे घर अंधारात. वायरमन दोनदा येतो, तिसऱ्यांदा "ह्यो डबाच खराब हाय" म्हणून आरसीसीबी काढून टाकतो किंवा बाजूने वायर फिरवतो. डबा खराब नसतो, तो बरोबर तेच सांगत असतो. यावर उपाय एकच : दोन्ही हिश्शांची वायर एकाच वेळी, एकाच माणसाकडून सोडवून घेणे. बांधावरून बोलणे बंद असलेल्या घरांत हे अवघड आहे, याची जाणीव आहे. तरी कामाला हात घालण्याआधी तेवढ्यापुरते बोलून घ्यावे. नाहीतर एका बाजूचा मेन बंद करून काम करताना दुसऱ्या बाजूच्या करंटचा शॉक वायरमनला बसू शकतो.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान असल्याने छतावर सौर बसवणारे वाढले आहेत. पॅनेलबरोबर अर्थिंगचे नवे खड्डे घेतात, ते बघून घराचेही अर्थिंग झाले असा समज होतो. माजघरातल्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढल्याशिवाय त्या खड्ड्याचा तिथे काही उपयोग नाही. एसी किंवा इंडक्शन वाढवणार असाल तर बिलावरचा 'मंजूर भार' बघा आणि कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा. मीटरचे सील मात्र स्वतः तोडू नका.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. कारण कागदाचे आहे. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक करतात, तेव्हा दोष मीटरच्या कोणत्या बाजूचा हे बघितले जाते. कोणी, कधी, काय बसवले याचा कागद नसेल तर घरच्यांच्या हातात काहीच राहत नाही. काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने चाचणी मागा. वायर आणि अर्थ यांच्यातला रोध किमान एक मेगाओहम यायला हवा. "बघतो की, लाईट लागली म्हंजे झालं" असे उत्तर आले तर उरलेले पैसे थोडे थांबवून द्यावेत.

सगळे एकदम जमत नसेल तर क्रम लावता येतो. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग न्हाणी, स्वयंपाकघर आणि गोठा, सोपा-माडीचे दिवे शेवटी. मुहूर्त म्हणाल तर दिवाळी झाल्यापासून मृग लागेपर्यंत. भिंती कोरड्या असतात आणि कौले चाळायला माणूस वर चढलेलाच असतो, त्याच वेळी माळ्यावरची वायर उघडी करून बघता येते. गणपतीच्या आठवड्यात वायरमन मिळत नाही, आणि मिळाला तरी माळेच्या घाईत असतो.

बसवलेल्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले छोटे बटन असते. महिन्यातून एकदा दाबायचे, लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर तो डबा त्याच दिवशी बदलून घ्यायचा.