नवी आवृत्ती आणि शुद्धिपत्र

घरात एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली की तिच्यात नवे काय आहे, हे आपण प्रथम पाहतो. आत कोठेतरी चिकटविलेल्या शुद्धिपत्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक प्रकाशकाच्या सचोटीची साक्ष त्या लहानशा कागदातच असते. या खेपेस अशाच एका आवृत्तीची हकीकत वाचकांपुढे ठेवावयाची आहे. मात्र ती पुस्तकाची नसून संगणकाच्या एका साधनाची आहे.

माणूस संगणकासाठी जी आज्ञावली लिहितो, ती माणसांना वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत असते. यंत्राला ती जशीच्या तशी उमगत नाही. तिचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनास कम्पायलर, म्हणजेच संकलक, म्हणतात. हा एक दुभाष्याच होय. दुभाष्याने अर्थाचा अनर्थ केला, तर बोलणाऱ्याचा काडीचा दोष नसताना काम बिघडते.

‘रस्ट’ ही अशीच एक संगणकीय भाषा. ग्रेडन होर यांनी २००६ साली ती स्वतःच्या हौसेने रचावयास घेतली. २००९ पासून तिला मोझिला या संस्थेचा आधार मिळाला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ज्या बुरशींना ‘रस्ट’ म्हणतात, त्यांच्यावरून होर यांना हे नाव सुचले. आपल्याकडे गव्हावर पडणारा तांबेरा त्याच कुळातील. या भाषेचा संकलक मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणालाही विनामूल्य वाचता, वापरता व सुधारता येतो. देशोदेशींची माणसे त्यात भर घालतात आणि त्यांत स्वयंसेवक पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स या विख्यात प्रणालीच्या गाभ्यातही या भाषेला प्रथम स्थान मिळाले. एवढा पसारा ज्यावर उभा आहे, त्या साधनाची नवी आवृत्ती काढणे ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे सांगावयास नको.

ही आवृत्ती दर सहा आठवड्यांनी, ठरलेल्या दिवशी निघते. तिची व्यवस्था आगगाडीसारखी आहे. रोज रात्री एक कच्ची प्रत तयार होते. सहा आठवड्यांनी त्या वेळची प्रत वेगळी काढून पारखण्यासाठी ठेवतात आणि आणखी सहा आठवड्यांनी तीच पक्की म्हणून जाहीर होते. एखाद्याची सुधारणा वेळेत पुरी झाली नाही, तर गाडी तिच्यासाठी थांबत नाही. परंतु पुढची गाडी सहाच आठवड्यांवर असते. त्यामुळे अर्धेकच्चे काम घाईघाईने आत कोंबण्याचा मोह कोणास पडत नाही. वर्षातून एकच गाडी सुटत असती, तर दारात किती रेटारेटी झाली असती, याची कल्पना प्रवासी वाचकांना सहज येईल.

आणखी एक नवलाची गोष्ट अशी की, हा संकलक रस्ट भाषेतच लिहिलेला आहे आणि प्रत्येक नवी आवृत्ती मागच्या आवृत्तीकडून घडवून घेतात. गृहिणी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावते, तद्वतच हे होय. पहिले विरजण मात्र शेजारून आणावे लागले. आरंभीचा संकलक ओकॅमल या दुसऱ्या भाषेत लिहिलेला होता. विरजणच नासके निघाले तर पुढचे दही कसे लागणार? म्हणून प्रत्येक लहानसहान बदल हजारो कसोट्यांतून उतरल्यावाचून मूळ मजकुरात घेतला जात नाही.

तेवढ्यानेही भागत नाही. लोकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या रस्ट आज्ञावलींचा एक मोठा भांडार आहे. त्यातील संच आज लाखाहून अधिक आहेत. नवी आवृत्ती निघण्यापूर्वी ‘क्रेटर’ नावाचे साधन हा भांडार जुन्या व नव्या अशा दोन्ही संकलकांकडून बांधवून पाहते. या कामास कित्येक दिवस लागतात. जे जुन्याने बांधले गेले व नव्याने अडले, त्याची यादी निघते आणि मग माणसे एकेक अडचण तपासून दोष कोणाचा ते ठरवितात. ज्यांची ओळखही नाही, अशांच्या कामाला आपल्या हातून धक्का लागू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

इतके करूनही चूक व्हावयाची ती होतेच. आज्ञावलीत थोडाच फेरफार झाला असेल, तर हा संकलक सारे काम पुन्हा न करता आधीचे साठविलेले उत्तर वापरतो आणि वेळ वाचवितो. ६ मे २०२१ रोजी निघालेल्या १.५२.० या आवृत्तीत ही साठविलेली उत्तरे पडताळून पाहण्याची सोय केली होती. ती सुरू होताच अनेकांची कामे अडू लागली. पडताळणीने उघडकीस आणलेले दोष जुनेच होते. पूर्वीच्या आवृत्त्यांत ते गुपचूप राहिले होते आणि त्यांमुळे एखादे वेळी चुकीचे रूपांतर होण्याचा संभव होता. एकदाच केलेल्या संपूर्ण बांधणीत असे दोष दिसून येत नाहीत.

पडताळणी काढून टाकली असती, तर तक्रारी तत्काळ थांबल्या असत्या, पण दोष तसेच राहिले असते. मंडळींनी तसे केले नाही. चारच दिवसांनी, १० मे रोजी, १.५२.१ ही आवृत्ती काढून त्यांनी वेळ वाचविणारी ती सोयच तूर्त बंद ठेवली आणि तसे करण्याचे कारणही जाहीरपणे सांगितले. सर्वांची कामे काहीशी मंदावली. दोष दूर करून २९ जुलैच्या १.५४ या आवृत्तीत ती सोय पुन्हा सुरू करण्यात आली.

जलद पण संशयास्पद उत्तरापेक्षा उशिरा मिळणारे खरे उत्तर बरे, हा तो निर्णय होता. हिशेबाच्या वहीत आठ आण्यांचा फरक आला म्हणून रात्री जागून साऱ्या बेरजा पुन्हा करणारे वडीलधारे अनेक वाचकांनी पाहिले असतील. त्यांना या निर्णयाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. घरातील मुलांना मात्र ही हकीकत अवश्य सांगावी. नवे काही निर्माण करणाऱ्याचे कौतुक ती ऐकतातच. आपली चूक चार दिवसांत चारचौघांत मान्य करून सुधारणाऱ्यांचेही त्यांच्या कानी पडू द्यावे.