विषमुक्त अन्न फक्त श्रीमंतांसाठी आहे का?

'ऑरगॅनिक' असं छापलेली तूरडाळ मोठ्या दुकानात साध्या डाळीपेक्षा कितीतरी महाग असते. धुणीभांडी करून घर चालवणारी आपली बाई ती पिशवी हातात घेते, किंमत बघते आणि परत ठेवते. "हे श्रीमंतांचं खूळ," असं म्हणून आपण विषय सोडून देतो. मला वाटतं, विषय सोडू नये. कारण शेतातल्या विषाचा पहिला घाव आपल्याच माणसांवर पडतो.

आधी आरोग्याचा फायदा नेमका काय, ते पाहू. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खतं आणि रासायनिक कीटकनाशकं न वापरता, शेणखत, कंपोस्ट, निंबोळी अर्क यांवर घेतलेलं पीक. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली तोवर झालेले दोनशेहून अधिक अभ्यास तपासले. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं फार जास्त असतात, असं त्यांना दिसलं नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळले. म्हणजे फायदा आहे, पण ते काही औषध नव्हे. सेंद्रिय खाल्ल्याने साखर, रक्तदाब बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागून गोळ्या बंद करू नका.

आता दुसरी बाजू. आपण भाजीतून खातो तो अंश थोडा असतो. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुराच्या अंगात तेच औषध कातडीतून, श्वासातून थेट जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. वस्तीतल्या कितीतरी घरांची मुळं अशाच गावांत आहेत. ज्याला स्वतःची जमीन नाही, तो दुसऱ्याच्या रानात पंप उचलतो. म्हणून विषमुक्त शेती हा आधी मजुराच्या जिवाचा प्रश्न आहे, ताटाचा नंतर.

गावाकडच्या नातेवाइकांना एवढं जरूर सांगा. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नये. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे आणि काम संपल्यावर साबणाने आंघोळ हवीच. खूप घाम, लाळ, उलट्या, अंधूक दिसणं ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा सोबत न्या. रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला कधीही वापरू नका. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं आणि २३ लेकरं गेली.

मग वस्तीतल्या घराने काय करावं? महागड्या पिशवीसाठी अंडी, दूध, डाळ कमी करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. विषाच्या भीतीने भाजी खाणंच कमी केलं, तर नुकसान मोठं. साधी भाजीच आणा, पण वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची वरची पानं काढून टाका. धुण्याने वरवरचा अंश जातो, आत मुरलेला जात नाही. तरी तेवढा फरक मोलाचा आहे. ज्या हंगामाची भाजी, त्या हंगामात खा. शेवग्याचा पाला, अंबाडी, तांदुळजा या भाज्या स्वस्त आहेत आणि त्यांना फवारणीही सहसा कमी लागते. जुन्या डब्यात, गोणीत मेथी, कोथिंबीर, पालक सहज येतो. भाजीच्या देठा-सालींचं खत त्यालाच घालता येतं.

एक सावधानता हवी. रासायनिक खत घातलं नाही म्हणून भाजी शुद्ध ठरत नाही. नाल्याच्या, सांडपाण्याच्या काठावर उगवलेला पाला टाळा. आणि सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मोजणारच असाल, तर पाकिटावर 'जैविक भारत' ही खूण आहे का ते बघा. तोंडी शब्दावर दुप्पट पैसे देऊ नका.

पण सगळं एकट्या घराच्या माथी मारून चालणार नाही. सिक्कीम हे राज्य २०१६ साली संपूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालं, ते सरकारने अनेक वर्षं धोरण राबवल्यावर. आपणही मागायला हवं: अंगणवाडीच्या आणि शाळेच्या खिचडीत विषमुक्त धान्य-भाजी, मजुराला संरक्षक साहित्य मालकाच्या खर्चाने आणि तालुक्याच्या दवाखान्यात विषबाधेवरचं औषध कायम हजर. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा आणि नगरसेवकाच्या, सरपंचाच्या हातात द्या. स्वच्छ अन्न विकत घेण्याची ऐपत आपल्यात आज नसेल, पण ते मागण्याचा हक्क आहे.