अक्कलदाढ आणि भाद्रपदातले उपवास



पर्व जवळ आलं की मंदिरात कोण किती उपवास धरणार, याचीच बोलणी. कॉलेजातल्या मुलीही हौसेने दहा-दहा उपवास धरतात. कौतुकच आहे. पण जिची अक्कलदाढ अर्धवट वर आली आहे, तिने आषाढातच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही दाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर जबड्यात जागा उरलेली नसली, तर ती तिरकी अडकते किंवा अर्धीच बाहेर येते आणि वर हिरडीचं टोपण राहतं. त्याखाली अन्नाचे कण जातात, ब्रश पोहोचत नाही, जंतू वाढतात. आता आपले उपवास बघा. तोंड कोरडं, लाळ कमी. दात घासायचे नाहीत, चूळही भरायची नाही. धारणेच्या जेवणाचे कण तिथेच. मग गाल सुजतो, ठणका कानापर्यंत जातो, तोंड उघडत नाही. आणि घरात ठरतं, "पारणं होऊ दे, मग बघू."

हे मला अजिबात पटत नाही. ही सूज गळ्याकडे उतरू शकते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा. सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, त्यातलं 'शक्तितः' आपण पूजेत म्हणतो आणि सुनेच्या बाबतीत विसरतो. उपवास सोडला म्हणून तिला बोलणाऱ्या बायका तिच्याबरोबर दवाखान्यात बसायला येत नाहीत.

अडकलेली प्रत्येक दाढ काढावीच लागते असं नाही. ते डॉक्टर ठरवतील. सुजेवर कोमट प्रासुक पाण्यात मीठ घालून गुळण्या चांगल्या. लवंगेचं तेल थेट लावू नका, हिरडी भाजते. बाहेरून गरम शेकही नको.

औषधाचं मात्र आधीच बोला. सूर्यास्तानंतर आपण काही घेत नाही असं सांगितलं, तर जमत असेल तिथे डॉक्टर दोन वेळांचं औषध देतात. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून गोळी मागा. मनाने डोस गाळायचा नाही.

दाढ काढल्यावर गालावर बर्फ लावायला सांगतात. बर्फ आपल्याला वर्ज्य म्हणून काहीजणी तोही नाकारतात! अहो, तो पिशवीत बांधून बाहेरून लावायचा आहे, खायचा नाही. पहिले 24 तास गुळण्या करायच्या नाहीत, जोरात थुंकायचंही नाही. खायला आइस्क्रीम नाहीतर कुस्करलेला बटाटा सुचवतात. त्याऐवजी मूगडाळीची पातळ खिचडी गार करून, दिवस मावळायच्या आत, दुसऱ्या बाजूने खायची.