आधी पाय, मग गादी



मिरजेच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्यांची मुलगी दीड वर्षाची. सकाळी तिला आजोळी सोडून त्यांना कामावर जायचं असतं. सायकलला मागे लहान मुलाची सीट बसवून घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. दुकानदाराने तीन तर्‍हा दाखवल्या. एकीची गादी मऊ, दुसरीचा रंग छान, तिसरी स्वस्त. “ताई, यातली कोणती घेऊ?” असं त्या विचारतात.

खरं सांगू? पत्र वाचलं आणि पोटात धस्स झालं. कारण याच तीन गोष्टी पाहून मीही पहिली सीट घेतली होती. गादी, रंग आणि किंमत. पाय कुठे राहतील हे काही पाहिलं नव्हतं.

धाकटी तेव्हा पावणेदोन वर्षांची. माझी शाळा अर्धवेळ. वाटेत तिला माझ्या आईकडे सोडायचं आणि तसंच पुढे शाळेत जायचं. आमची सांगली तशी सपाट, सायकलीला सोयीची. म्हणून कॅरियरवर लोखंडी सळ्यांची एक छोटी सीट बसवून घेतली. पाठीला टेकू, पुढे एक आडवी दांडी, की झालं काम! पंधरा दिवस मोठ्या मजेत गेले. मग एक दिवस चालत्या सायकलीला ‘खर्रर्’ असा आवाज आला आणि सायकल जागच्या जागी अडली. मागे वळून पाहते तो धाकटीचा उजवा पाय चाकाच्या तारांत! तिला डुलकी लागली होती. झोपेत पाय सैल पडला आणि आत गेला. नशीब म्हणून पायात जाड बूट होता. बुटाची टाच फाटली, घोटा सुजला, कातडी सोलवटली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. पण तिची ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी ह्यांनी एवढंच म्हटलं, “उद्यापासून रिक्षाने जात जा.” त्यात राग नव्हता, काळजीच होती. पण अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो केवढा! रोज दोन वेळा रिक्षा केली तर हातात उरायचं काय? आणि पैशाचं सोडा, सायकल म्हणजे माझं स्वतःचं वाहन. कुणाची वाट पाहायला नको, कुणाला ‘सोडता का’ म्हणायला नको. तरी मी गप्प बसले. चूक माझी होती ना!

रात्री सासूबाईंच्या पायांना तेल चोळत होते. त्या म्हणाल्या, “हा बघ.” डाव्या टाचेच्या मागे पांढरट, चकाकणारा वण. रोज तेल लावताना मी तो पाहत होते, पण कधी विचारलं नव्हतं. “पाच वर्षांची होते मी. अण्णांच्या सायकलीवर मागे कॅरियरवर बसून जत्रेला निघाले होते. दोन महिने पाय जमिनीला टेकवता आला नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण अण्णांनी सायकल टाकली नाही. तूही सायकल सोडू नकोस. सीट बदल.”

दुसर्‍या खेपेला मी दुकानात गेले ती धाकटीला बरोबर घेऊन, आणि सीट पाहायला सुरुवात केली ती खालून. तुम्हीही तशीच करा.

पाय

मुलाचा पाय चाकाच्या तारा आणि सायकलीची दांडी यांच्यामध्ये सापडतो. चाक फिरतच असतं, त्यामुळे कात्रीत सापडावा तसा तो आवळला जातो. टाच आणि घोटा यांनाच बहुधा जास्त इजा होते. म्हणून सीटला दोन्ही पायांसाठी स्वतंत्र खोलगट खाचा हव्यात. पाय आणि चाक यांच्यामध्ये अखंड, रुंद भिंत हवी, आणि ती तळपायाच्याही खाली जायला हवी. पाय ठेवायची पायरी मुलाच्या उंचीप्रमाणे वरखाली सरकवता यावी. तिच्यावर पावलाला बांधायचा पट्टा हवाच हवा. जागं मूल पाय सावरून बसतं, पण झोपलेल्या मुलाचा पाय पट्ट्यानेच जागेवर राहतो.

दुकानातच मुलाला बसवा आणि त्याचं पाऊल हातात धरून चाकाकडे न्यायचा प्रयत्न करा. आत, मागे, खाली, सगळीकडे. कुठूनही तारांना पाय लागत असेल तर ती सीट घेऊ नका, मग गादी कितीही मऊ असो. लेडीज सायकलीच्या मागच्या चाकाला जाळी असते, तिच्या भरवशावर राहू नका. ती साडीसाठी आहे, टाचेसाठी नाही.

सीट बसते कशावर?

मागच्या सीटच्या दोन जाती. एक कॅरियरवर बसते. दुसरी आपल्या बसायच्या जागेखाली जी उभी दांडी असते, तिला पकडीने घट्ट बसते आणि दोन जाड सळ्यांवर चाकाच्या वर अधांतरी राहते. तिला कॅरियर लागत नाही आणि खड्ड्यातला धक्का सळ्या थोडा पचवतात, म्हणून मुलाला सुखाची. पण त्या दांडीची जाडी पकडीच्या मापात बसायला हवी आणि पकडीपुरती मोकळी जागाही हवी. घरबसल्या मागवायची असेल तर ही दोन्ही मापं आधी घ्या, नाहीतर खोकं उघडल्यावर कपाळाला हात लावायची पाळी येते.

कॅरियरवरची घ्यायची तर कॅरियर किती वजन पेलतो ते पाहा. चांगल्या कॅरियरवर ते कोरलेलं असतं. 10 किंवा 18 किलोचा कॅरियर उपयोगाचा नाही. सीटचं वजन आणि वाढत्या मुलाचं वजन धरून 25 किंवा 27 किलोचा हवा. आकडाच नसेल तर तो कॅरियर बदला.

आणखी एक. सीट फार मागे गेली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. मुलाचं वजन मागच्या चाकाच्या आसाच्या फार तर 10 सेंटीमीटर मागे यावं, असं अनेक चांगल्या सीटांच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

पट्टे, पाठ आणि हेल्मेट

नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. मूल पुढे वाकतं, आडवं होतं. दोन्ही खांद्यांवरून येऊन मधे जुळणारे पट्टे घ्या. बक्कल आपल्याला सहज उघडता यावं, पण चिमुकल्या बोटांना नको. उन्हात उभ्या सायकलीची धातूची बक्कलं चटका देतात. मुलाला बसवण्याआधी हात लावून पाहा.

पाठ उंच हवी, पण डोक्यामागे खोलगट. नाहीतर हेल्मेट पाठीला टेकून मुलाची मान पुढे ढकलली जाते. म्हणून दुकानात जाताना हेल्मेट घालूनच मुलाला न्या. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. मोटरसायकल-स्कूटरवर चार वर्षांखालचं मूल नेताना त्याला चालवणार्‍याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, असं त्यात आहे. हा नियम यंत्राच्या गाड्यांचा, आपल्या सायकलीचा नाही. पण रस्ता तोच आणि डोकंही तेवढंच नाजूक, नाही का?

स्प्रिंगा आणि स्टँड

या दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. आपल्या बसायच्या जागेखाली मोठ्या स्प्रिंगा असतात आणि त्या बरोबर मुलाच्या हातांसमोर येतात. आपण खड्ड्यातून गेलो की त्या दबतात आणि मधे बोट असेल तर चिमटतं. त्यांना जाड कापडाचं नाहीतर रेक्झिनचं आवरण शिवून घ्या. जुनी पिशवी उसवली तरी काम भागतं.

स्टँड दुहेरीच घ्या, दोन पायांचा. एकपायी स्टँडवर मुलाचं वजन आलं की सायकल कलंडते. दुहेरी असला तरी मुलाला सीटवर ठेवून क्षणभरसुद्धा हात सोडू नका. ‘एक मिनिट भाजी घेते’ म्हणतो आणि उभी सायकल मुलासकट पडते. आधी कुलूप, पिशव्या, ओढणी सगळं आटपायचं आणि मूल शेवटी बसवायचं. उतरताना मूल पहिलं.

कितव्या वर्षी?

वर्षाच्या आत मुळीच नाही. मूल टेकूशिवाय ताठ बसतं का आणि हेल्मेट घातल्यावर मान सावरतं का, हे पाहायचं. मानेबद्दल जराही शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. मागच्या सीटवर बहुधा 9 ते 22 किलो असा आकडा असतो. तोच खरा, वय नव्हे. दोन वर्षांचं मूल साधारण 12 किलोचं असतं, म्हणजे सीट नीट निवडली तर दोन-तीन वर्षं सहज कामी येते.

आधी तांदूळ, मग मूल

सीट आली की लगेच मुलाला बसवायची घाई नको. दहा किलो तांदळाची पिशवी सीटवर पट्ट्यांनी बांधा आणि चार दिवस गल्लीतच फिरा. चढताना मागून पाय टाकता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून मधली दांडी खाली असलेली लेडीज सायकलच बरी. ब्रेक दाबल्यावर सायकल नेहमीपेक्षा उशिरा थांबते, वळताना जड जाते. हे सगळं तांदळाबरोबर शिकावं, मुलाबरोबर नव्हे! हँडलला जड पिशव्या अडकवू नका. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा आणि दर रविवारी पाना घेऊन नटबोल्ट आवळा.

साडी असेल तर पदर खोचा, ओढणी असेल तर मागे गाठ मारा. मुलाच्या बुटाची नाडी लोंबती नको, गळ्यात मफलर नको. पायात सँडल नको, टाच झाकणारा बूटच हवा. माझ्या धाकटीचा पाय वाचला तो त्या बुटानेच.

तरीही पाय सापडला तर

देव करो आणि तशी वेळ न येवो. पण आली तर पाय ओढू नका आणि सायकल पुढेही ढकलू नका. चाक घट्ट धरा, बूट सैल करा. तेवढ्याने पाय सुटत नसेल तर जवळच्या कुणाला पक्कड आणायला सांगून तारा कापून घ्या. तारा नव्या मिळतात. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. मग थेट डॉक्टरांकडे. वरून कातडी साधी खरचटलेली दिसली तरी जा. आतला मार दोन दिवसांनी वर येतो आणि तेव्हा कातडी काळी पडू लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

तर मिरजेच्या भगिनींना माझं उत्तर असं: त्या तीनपैकी कोणती, ते मी इथून सांगू शकत नाही. मुलीला घेऊन पुन्हा दुकानात जा, तिला बसवा आणि तिचं पाऊल हातात धरून चाकाकडे न्या. तिघींतल्या एकीतही पाय सुरक्षित राहत नसेल तर तशाच घरी या आणि चौथीची वाट पाहा. महिनाभर रिक्षाचे पैसे जातील, जाऊ देत. मी तेव्हा तेच केलं. महिनाभर रिक्षा केली, भिशीचा हप्ता चुकवला आणि चांगली सीट आल्यावर पुन्हा सायकल काढली.

पहिल्या दिवशी पायाचा पट्टा बांधायला सासूबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. खाली वाकून त्यांनी दोन्ही बकलं ओढून पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला आहे. पट्टे बांधून झाले की धाकटी मागून विचारते, “आई, पाय?” मी वाकून पाहते आणि म्हणते, “बांधले.” त्याशिवाय आमची सायकल फाटकाबाहेर पडत नाही.