रातपाळीवाल्याची झोप

मला पहाटे साडेचारला उठवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पण रातबगळ्याला भर दुपारी उठवणाऱ्या माणसाबद्दल ते त्याहून वाईट आहे.

आमच्या एका स्नेह्यांना पक्ष्यांच्या फोटोंचा नाद. 2020 साली नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला आणि यांना पाणथळ जागांचा एकाएकी पुळका आला. तोवर पाणथळ म्हणजे त्यांच्या लेखी फक्त डास! गेल्या श्रावणात त्यांनी मला एका गावतळ्यावर ओढून नेलं. काठच्या बाभळींवर रातबगळ्यांची वसाहतच होती. काळी टोपी, काळी पाठ, राखाडी पंख, मानेमागे दोन-तीन पांढऱ्या लांब शेंड्या, आणि मान खांद्यांत घालून बसण्याची तऱ्हा थेट पेन्शनरची. हा गडी रात्री मासे-बेडूक पकडतो नि दिवसा झोपतो. पिलं झाली की दिवसाही कामाला जुंपला जातो. म्हणजे रातपाळी, वर ओव्हरटाइम.

स्नेह्यांनी आपली तोफ रोखली. पक्षी ढिम्म हलेना. "बसलेला फोटो कोण बघतो हो? उडता पाहिजे!" असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी भागेना, तेव्हा खडा मारला. "क्वॉक्, क्वॉक्" अशा शिव्या देत सगळी वसाहत उडाली. स्नेही खटाखट फोटो काढत सुटले. मी मात्र वर पाहत होतो. उघड्या घरट्यावर एक कावळा उतरला आणि फिकट निळसर अंडं घेऊन गेला. कावळ्याला मी बोल लावत नाही. दार आम्ही उघडून दिलं होतं. तिपाई धरून मीच उभा होतो.

फोटो झकास आला. त्यांच्या पुतण्याने तर मोबाईलवर त्यातला 'लाल डोळ्याचा दोष' काढून डोळा काळाभोर केला. अहो, मोठ्या रातबगळ्याचा डोळा मुळातच लाल असतो! पण पन्नास जणांनी त्या फोटोला अंगठा दाखवला. आमच्या लहानपणी हा अपमान समजत.

"आम्ही कौतुकापोटीच करतो," असं ही मंडळी सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या घरट्यांना नि अंड्यांना उपद्रव देणं हे 'शिकारी'च्या व्याख्येत घातलं आहे. बंदूकवाला निदान आपण शिकारी आहोत हे कबूल तरी करी!

रातबगळा बघायचाच ना? मग दिवेलागणीला काठावर गुपचूप बसा. तो आपणहून उठतो, ओरडत डोक्यावरून जातो. उजेड नसतो, फोटो येत नाही. माझ्याकडे तसला एक आहे. सौ. म्हणते, "यापेक्षा भिंतीवरची ओल बरी." असेल. पण त्या ओलीपायी कुणाचं अंडं गेलेलं नाही.