अंतर घरापासून मोजा

समजा तिकिटावर लिहिलंय : मुंबईहून १५ ऑगस्टला रात्री पाऊण वाजता निघणार आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सव्वासातला पोहोचणार. म्हणजे साडेसहा तास? नाही हो, सोळा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. येताना उलटा खेळ. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत, तेव्हा प्रवास जवळपास दिवसभराचा वाटतो. विमानात बसायचं असतं चौदाच तास.

दोन विमानतळांमधलं अंतर मात्र तेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मग दोन तास जातात कुठे? वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे वारे येताना पाठीशी असतात, जाताना तोंडावर. शिवाय हे साडेबारा हजार जवळच्या वाटेचे. नकाशावर रेघ अटलांटिकवरून सरळ ओढावीशी वाटते, पण पृथ्वी गोल असल्याने खरी जवळची वाट वर स्कँडिनेव्हियाकडून वळून जाते. आणि तीही दरवेळी मिळतेच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. भाईंदरहून चर्चगेट किती लांब, असं विचारलं तर ४३ किलोमीटर असं कोण सांगतं? 'फास्ट मिळाली तर तासाभरात,' हेच उत्तर. मग शिकायला परदेशी निघताना तिकिटाचे पैसे आणि किलोमीटर बघूनच निर्णय का घेतो आपण?

सगळ्यात धोकादायक मोह म्हणजे दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडणं. एकाच बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटांवर दुसरं विमान चुकलं की पैसे तुमचे गेले, तेही शैक्षणिक कर्जातले. न्यूयॉर्कहून पुढे बफेलोला जायचं असेल, तर साधारणपणे पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशनची रांग लावून, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचं अंतर ठेवणं म्हणजे जुगार.

आणि घराकडचा हिशेब विसरू नका. मीरा रोड ते सहारचा विमानतळ पहाटे चुटकीसरशी येतो. संध्याकाळी काशिमिरा ते दहिसर चेकनाकाच अंत पाहतो. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तिथे टोल माफ आहे, गर्दी माफ नाही. तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे आठला निघायलाच हवं. घरापासून न्यूयॉर्कच्या धावपट्टीपर्यंतच पावणेएकवीस तास झाले.

हो, आठला म्हणजे १४ तारखेच्या रात्री. १५ च्या रात्री नव्हे. सोडायला येणाऱ्या काका-मामांनाही आजच सांगून ठेवा.