भिंतीवरचे धावपटू



गोंदिया जिल्ह्यातील आपल्या व्यापारी कुटुंबांच्या घरांत भिंतीला पूर्वापार मान आहे. पूर्वजांची छायाचित्रे, तीर्थक्षेत्रांची चित्रे आणि पेढीवरील दिनदर्शिका पाहूनच मुले घराची ओळख करून घेतात. अलीकडे नव्या घराची सजावट करताना दिवाणखान्यासाठी किंवा जिन्यालगतच्या भिंतीसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ या कालखंडातील, इंग्रजी खेळचित्रे सुचविली जातात. त्यांत धावपटूंची अर्कचित्रे विशेष आकर्षक असतात. ती लावण्यास हरकत नाही; मात्र भिंतीवर खिळा ठोकण्यापूर्वी काही गोष्टींचा विवेक अवश्य करावा.

पहिली गोष्ट विषयाची. त्या काळच्या इंग्रजीत ‘स्पोर्ट’ या शब्दाचा एक मोठा अर्थ शिकार असाच होता. त्यामुळे जुन्या खेळचित्रांचा संच मागविला, तर त्यात कोल्ह्यामागे धावणारी कुत्री, बंदुकीने पाडलेले पक्षी आणि हरणांचा पाठलाग हेच अधिक निघते. चौकट सोनेरी असली तरी आतील प्रसंग जीवहिंसेचाच असतो. नागझिरा आणि नवेगावच्या वनांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आणि अहिंसेला धर्म मानणाऱ्या घरात अशा चित्राला स्थान कसे द्यावे? धावपटूचे चित्र या दृष्टीने निर्दोष आहे. त्यात माणूस केवळ आपल्याच शरीराची आणि धैर्याची परीक्षा घेतो.

अशा धावपटूंपैकी एकाची कथा आपल्या दुकानांतील तरुणांनी जाणून घ्यावी अशी आहे. वॉल्टर जॉर्ज हा इंग्लंडमधील मुलगा औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत होता. दिवसभर दुकानात अडकून पडल्यामुळे मैदानावर जाण्यास त्याला वेळ मिळत नसे. तेव्हा जागच्या जागी गुडघे कमरेपर्यंत उचलून शंभर वेळा पावले टाकण्याचा व्यायाम त्याने स्वतःच बसविला. पुढे २३ ऑगस्ट १८८६ रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर विल्यम कमिंग्ज याच्याशी झालेल्या शर्यतीत त्याने एक मैल ४ मिनिटे आणि पावणेतेरा सेकंदांत पार केला. हा विक्रम जवळजवळ तीन दशके अबाधित राहिला. गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला वेळ नाही ही सबब त्याच्या चित्रासमोर सांगता येणार नाही. त्या काळच्या अनेक शर्यतींवर पैजा लागत, हेही मुलांना सांगावे. पुरुषार्थ घ्यावा, जुगार सोडावा.

दुसरी गोष्ट विनोदाची. अर्कचित्रात नाक लांब होते, पाय काडीसारखे होतात आणि आपण हसतो. ते हसू निर्मळ आहे की कोणाला हिणवणारे, हे पाहिले पाहिजे. १८६१ ते १८६३ या काळात अमेरिकेतील सेनेका जमातीचा ‘डिअरफूट’ नावाचा धावपटू इंग्लंडमध्ये गाजला. १८६३ मध्ये त्याने एका तासात ११ मैल ९७० यार्ड अंतर कापले. तरीही तिकिटे खपावीत म्हणून त्याला लांडग्याचे कातडे पांघरवून आणि डोक्यावर पीस खोवून लोकांपुढे आणले जाई. ज्या चित्रात अशा माणसाचे तमाशाचे रूप रंगविले आहे, ते लावल्यास घरातील मुले त्याच्या धावेला न हसता त्याच्या जातीला हसायला शिकतील. वाणीचा संयम आपण मानतो. चित्र हीसुद्धा एक वाणीच आहे.

याउलट ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकातील अनेक अर्कचित्रे सौम्य थट्टेची उत्तम उदाहरणे आहेत. हे साप्ताहिक १८६८ मध्ये सुरू झाले. त्यातील पुष्कळ चित्रे लेस्ली वॉर्ड या चित्रकाराने ‘स्पाय’, म्हणजे हेर, या टोपणनावाने काढली. ऑक्सफर्डचा धावपटू, लांब उडीतील विक्रमवीर आणि क्रिकेटपटू सी. बी. फ्राय याचे चित्र त्यात १८९४ मध्ये आले, आणि १८९७ मध्ये नवानगरचे रणजितसिंहजी त्याच मालिकेत झळकले. पुढे हे दोघे ससेक्स संघातील सहकारी आणि जिवलग मित्र म्हणून प्रसिद्ध झाले. दोघांची चित्रे शेजारी लावली, तर भिंतीला अर्थ येतो.

तिसरी गोष्ट व्यवहाराची, आणि ती आपल्याला अधिक कळते. ही चित्रे रंगीत शिळाछापाची आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून ती छापली जात. बहिर्गोल भिंगातून पाहिले असता जुन्या शिळाछापात हाताने टिपलेले अनियमित ठिपके आणि रेषा दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी, फुलासारखी नक्षी दिसते. पुनर्मुद्रण घेण्यात काहीच गैर नाही. स्वस्तात तेच हसू मिळते. परंतु पुनर्मुद्रणाला मूळ प्रत म्हणून विकणे हा असत्याचा व्यापार होय. म्हणून देयकावर ‘मूळ’ किंवा ‘पुनर्मुद्रण’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

आपल्याकडील मे महिन्याचे ऊन आणि पावसाळ्याची ओल हे दोन्ही कागदाचे वैरी आहेत. चित्र थेट उन्हात लावू नये. ते पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू नये. आम्लरहित पुठ्ठ्याच्या चौकटीत सैल बसवावे. काच कागदाला टेकू नये. चौकटीमागे थोडी पोकळी ठेवली म्हणजे हवा खेळते आणि भिंतीची ओल चित्रात उतरत नाही. पावसाळा संपताच कसर वा वाळवी लागली नाही ना, हे चौकट उतरवून पाहावे.

शेवटी एक सूचना. इंग्लंडच्या धावपटूंशेजारी एक जागा आपल्या माणसांसाठी राखावी. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे धावपटू पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते; मॅरेथॉन शर्यतीत ते एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही, पण वाट खुली झाली. एखाद्या होतकरू चित्रकाराकडून त्यांचे प्रसन्न अर्कचित्र काढून घेतले, तर त्या कलावंतालाही काम मिळेल आणि नातवाने ‘हे कोण?’ असे विचारल्यावर आजोबांना सांगण्यासारखे काही असेल.